स्वरांचा सरंजाम

सन १९५४ च्या जुलै महिन्यात २१ व २२ तारखांच्या दरम्यानच्या रात्री दादरा पोर्तुगीजांच्या हातून सुटले आणि २ ऑगस्ट रोजी सिल्वासा मोकळे झाले, हा इतिहास आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. फ्रान्सिस मस्कारेन्हस व वामन देसाई यांच्या युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सने पहिले पाऊल दादऱ्यात टाकले. पाठोपाठ आझाद गोमंतक दल आणि पुण्या-मुंबईचे स्वयंसेवक पुढे सरकले. त्यांत विश्वनाथ लवंदे होते, प्रभाकर सिनारी होते, राजा वाकणकर होते, बाबासाहेब पुरंदरे होते, आणि ज्यांचे नाव अशा यादीत सहसा कोणी शोधावयास जाणार नाही ते गायक-संगीतकार सुधीर फडकेही होते. पुढच्याच वर्षी पुणे आकाशवाणीवरून ज्यांचे 'गीतरामायण' घराघरांत पोहोचले, ते बाबूजी आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात ह्या सरहद्दीवर होते.

मोहीम म्हटली की पैसा आला. तो उभा करण्यासाठी पुण्यात हिराबागेत लता मंगेशकरांचे गाणे झाले आणि त्याचे उत्पन्न मुक्तीच्या कार्यास दिले गेले. मंगेशीच्या देवळाच्या छायेत ज्यांचे बालपण गेले त्या मास्टर दीनानाथांच्या ज्येष्ठ कन्येने गोमंतकाच्या मुक्तीसाठी गावे, ह्यात आम्हांस आश्चर्य वाटत नाही. आमचे लक्ष वेधते ते निराळ्याच गोष्टीकडे. त्या सायंकाळचा आवाज लताबाईंचा स्वतःचा होता. तो त्यांनी ज्याला द्यावासा वाटला त्याला दिला. परंतु त्याच आवाजाच्या ज्या तबकड्या त्या दिवशी पुण्याच्या दुकानांत विकल्या जात होत्या, त्यांवर त्यांची अशी मालकी नव्हती. त्या तबकड्यांचे उत्पन्न गोमंतकास देऊन टाकावे असे त्यांच्या मनात आले असते, तरी ते त्यांच्या हातचे नव्हते.

हा भेद कोठून आला, ह्याचा शोध घेऊ लागलो असता आम्ही पुन्हा दादऱ्यालाच येऊन पोहोचलो. येथे एक खुलासा करावा लागतो. देवळाच्या सभामंडपात बसणाऱ्या श्रोत्यापुढे 'दादरा' म्हटले तर त्यास गाव आठवत नाही. सहा मात्रांचा ताल आठवतो, ठुमरीची धाकटी बहीण आठवते. गावाची व तालाची ही भेट निव्वळ नावापुरती आहे. आम्ही म्हणतो ते साम्य तालातले नाही, कायद्यातले आहे.

सन १७७९ च्या डिसेंबरात पुणे दरबार व पोर्तुगीज यांच्यात तह झाला. मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांच्या एका जहाजाचे नुकसान केले होते. त्याची भरपाई आणि पुढील मैत्री म्हणून सालिना १२,००० रुपये वसुलाची गावे देण्याचे ठरले. त्याप्रमाणे १७८३ मध्ये नगर हवेलीची आणि १७८५ मध्ये दादऱ्याची गावे पोर्तुगीजांकडे गेली. देताना शब्द वापरला गेला तो सरंजामाचा. सरंजाम म्हणजे काय हे आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको. ज्या घराण्यांत इनामाची व देवस्थानच्या जमिनीची कागदपत्रे पेटीत जपलेली असतात, त्यांना ठाऊक असते की वसूल खाण्याचा हक्क निराळा आणि भूमीचे धनीपण निराळे. पुढे १९५५ साली पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला. तेथे हाच प्रश्न निघाला. मोतीलाल सेटलवाड भारताच्या वतीने उभे होते आणि न्यायासनावर खास नेमलेले न्यायाधीश म्हणून महंमद करीम छागला बसले होते. १२ एप्रिल १९६० च्या निकालपत्रात न्यायालयाने म्हटले की मराठ्यांनी दिला तो सरंजाम, सार्वभौमत्व नव्हे. पण त्याच निकालपत्रात पुढे असेही आहे की इंग्रजी अमदानीत पोर्तुगीजांनी तेथे धनी म्हणून वहिवाट केली, इंग्रजांनी ती मुकाट्याने मानली, नंतर भारतानेही मानली. लष्कर व शस्त्रे नेण्याचा हक्क मात्र न्यायालयाने नाकारला, आणि मुक्तीनंतर भारताने जे केले त्यात दोष नाही असा निर्णय दिला.

देताना वसूल दिला आणि वहिवाटीने राज्य गेले. ग्रामोफोनच्या धंद्यात गाणाऱ्यांचे नेमके हेच झाले, असे आमचे मत आहे.

सन १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग ह्याने कलकत्त्यात पहिली ध्वनिमुद्रणे केली. त्या काळी गाणारा कर्ण्यासमोर गात असे, मेणाच्या तबकडीवर सुई त्याचा आवाज कोरीत असे, त्या मेणावर धातूचा लेप चढवून साचा काढीत आणि लाख, दगडाची भुकटी व काजळी यांच्या लगद्यावर तो साचा दाबून तबकडी तयार होई. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मावत. गायकास बिदागी मिळे, कधी थोडे मानधनही ठरे. मग हा आवाज कोणाचा? विलायतेत १९११ साली झालेल्या व १९१४ च्या कायद्याने हिंदुस्थानास लागू झालेल्या ग्रंथस्वामित्वाच्या कायद्याने ह्याचे उत्तर दिले आहे, ते वाचून आजही आम्हांस हसू येते. मूळ साचा ज्याच्या मालकीचा, तोच त्या ध्वनिमुद्रिकेचा 'कर्ता' मानावा! गाणारी मोगूबाई असो की केसरबाई, कर्ता म्हणजे साच्याचा मालक. स्वतंत्र भारताने १९५७ साली आपला कायदा केला तेव्हाही ही व्याख्या तशीच उचलली. गाणाऱ्याचे नाव त्या कायद्यात नव्हतेच.

साचा ज्याच्या हाती तो धनी, अशी ही व्यवस्था होती. म्हणून हिंदुस्थानात साचा करणारी, तबकडी दाबणारी आपली स्वतःची कंपनी असणे ह्यास केवळ व्यापारी अर्थ नव्हता. बहुतेक बाजार ज्या 'हिज मास्टर्स व्हॉइस' छापाच्या हाती होता त्याची कंपनी विलायती. १९३१ साली कोलंबियाही तिच्याच घराण्यात सामील झाली, त्यामुळे दुकानात कुत्र्याची तबकडी घेतली काय नि कोलंबियाची घेतली काय, पैसा फिरून एकाच तिजोरीत जाई. अशा वेळी, १९३५ साली, मुंबईत नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी उभी राहिली आणि तिने 'यंग इंडिया' छापाच्या तबकड्या काढण्यास आरंभ केला. गांधीजींच्या साप्ताहिकाचे हेच नाव होते, आणि ते चारच वर्षांपूर्वी बंद पडले होते. त्या दिवसांतील मुंबईकराच्या कानात ह्या नावाने काय वाजले असेल ते सांगावयास नको. मुद्रण, दाबणी आणि विक्री हे सारे येथल्या येथे, देशी भांडवलावर.

यंग इंडियाचे वैशिष्ट्य असे की मोठ्या कंपनीने ज्या नामवंतांना आधीच करारात बांधून घेतले होते ते तिला मिळणे कठीण. म्हणून तिने नवोदितांकडे आणि हौशी मंडळींकडे मोर्चा वळविला. शास्त्रीय गायन, चित्रपटगीते, भावगीते, लोकगीते, वाद्यवादन, अनेक प्रांतांतील अनेक भाषा असा तिचा पसारा वीस वर्षांत दहा हजारांच्या घरात गेला. त्यांतील सगळेच ऐकण्याजोगे होते असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पुष्कळसे साधारण असणार. नवशिक्याचा आवाज पट्टीत कापतो तो तबकडीत काही सुधारत नाही. परंतु ज्या काळी सामान्य घरातील मुलाने आपला आवाज तबकडीत ऐकावा ही कल्पनाच अशक्य होती, त्या काळी ह्या एका छोट्या छापाने ते दार किलकिले केले, हे तिचे ऋण आहे. १९५५ साली कंपनी बंद पडली. दादरा मोकळे झाल्याच्या पुढच्याच वर्षी.

बंद पडणे हे व्यापारात नवल नव्हे. खरी हानी त्यानंतरची आहे. मोठ्या कंपनीकडे साचे राहिले, पुढे तिने जुनी गाणी मोठ्या तबकडीवर, फितीवर, आणखी पुढे चकतीवर पुनःपुन्हा काढली. तीच कंपनी आज 'सारेगामा' ह्या नावाने चालते. तिच्या ध्वनिमुद्रण-विभागात जी. एन. जोशींसारखा जाणता माणूस तीस वर्षे होता, हेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. ते स्वतः भावगीताचे आद्य गायक आणि, आमच्या व्यवसायबंधूंना अभिमान वाटावा असे, कायद्याचे पदवीधर. यंग इंडियाची गाणी मात्र कोणी पुन्हा काढली नाहीत. वारस नाही, म्हणून पुनर्मुद्रण नाही. आणि पुनर्मुद्रण नाही, म्हणून जे आहे ते फक्त त्या लाखेच्या मूळ तबकडीत. ती फुटली की आवाज गेला. मोठ्या घराने माणसे निवडली पण स्मृती राखली. छोट्या घराने माणसे घेतली आणि स्मृती मात्र वाऱ्यावर गेली. मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी, विशेषतः सुरेश चांदवणकरांनी, ह्या तबकड्यांची संग्राहकांकडून जुळणी करून ब्रिटिश लायब्ररीच्या संकटग्रस्त संग्रहांच्या योजनेखाली त्यांतील काहींची अंकीय प्रत केली, म्हणून आज त्यांविषयी काही बोलता तरी येते.

तीन मिनिटांच्या मर्यादेविषयी एक शब्द येथेच लिहून ठेवतो. ठुमरी, दादरा, अभंग, नाट्यपद हे प्रकार त्या चौकटीत बसले. किंबहुना तीन मिनिटांत सारा भाव मांडण्याची एक निराळीच कला त्यातून जन्मली. परंतु दादरा-नगर हवेलीच्या पाड्यांवर वारली बांधवांचा जो तारपा वाजतो, भोपळ्याचे ते लांब वाद्य ज्याच्याभोवती हातांत हात गुंफून रिंगण फिरत राहते, तो तीन मिनिटांत कोठून मावणार? त्याला आरंभ-शेवट नसतोच. एकच सूर, एकच पायघोळ लय, रात्र चढत जाते आणि नाचणारा त्या लयीत स्वतःस विसरतो. असल्या संगीताला तबकडीने जागा दिली नाही.

जागा मिळाली ती पुढे, बारा इंची लांब वाजणाऱ्या तबकडीमुळे, आणि तीही सातासमुद्रापलीकडे. अमेरिकेत शिकागो शहरी १९८० नंतरच्या दशकात कृष्णवर्णीय तरुणांनी 'हाउस' नावाचे नृत्यसंगीत निर्माण केले. 'वेअरहाउस' नावाचा एक रात्रीचा क्लब तेथे होता, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. यंत्राने वाजविलेला चार मात्रांचा अखंड ठेका आणि त्यावर तरंगणारे स्वर. त्यातील अधिक शांत, अधिक अंतर्मुख अशा शाखेस 'डीप हाउस' म्हणतात. गोव्याच्या किनाऱ्यावर आज तरुण मंडळी ज्या संगीतावर पहाटेपर्यंत डोलतात त्यात ह्या शाखेचाही वाटा आहे. आमच्या पिढीतील पुष्कळांना ते गोंगाट वाटते. आम्ही आधी थोडा वेळ ऐकले आणि मग हा परिच्छेद लिहावयास घेतला. गोंगाट तो नव्हे, पण बसून ऐकण्याचेही ते संगीत नव्हे, रिंगणातच त्याची जागा.

ह्या शाखेच्या जनकांत ज्याची गणना होते तो लॅरी हर्ड. त्याचे 'कॅन यू फील इट' १९८६ साली ट्रॅक्स ह्या शिकागोतील छोट्या स्वतंत्र कंपनीने प्रसिद्ध केले. आता गंमत पाहा. ह्या ट्रॅक्सचा चालक लॅरी शर्मन ह्याच्या मालकीचा तबकड्या दाबण्याचा कारखाना होता. साचा ज्याच्या हाती तो धनी! पुढे गाणी जगभर गेली, विकली गेली, आणि २०२० साली लॅरी हर्ड व त्याचा सहगायक रॉबर्ट ओवेन्स यांना आपल्याच गाण्यांच्या हक्कांसाठी त्या कंपनीविरुद्ध न्यायालयात जावे लागले. २०२२ साली तडजोड झाली आणि हक्क त्यांच्याकडे परतले. छत्तीस वर्षांनी. छोटी कंपनी म्हणजे कलावंताची कंपनी, हा जो भाबडा समज आहे तो ह्या एका उदाहरणाने पुसला जावा. कंपनी छोटी की मोठी, देशी की विलायती, हा प्रश्न दुय्यम. कागदावर वसूल लिहिला होता की धनीपण, हा पहिला.

आपल्याकडे हा कागद सुधारावयास फार काळ लागला. साठीच्या दशकाच्या आरंभी लता मंगेशकरांनी गायकांना स्वामित्वधन मिळावे असा आग्रह धरला, त्यावरून महंमद रफींशी त्यांचा अबोलाही झाला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. १९७७ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयात गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचे प्रकरण चालले. निकाल चित्रपटनिर्मात्यांच्या बाजूने लागला. परंतु न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी आपली एक वेगळी टीप जोडली: आपल्या देशात संगीताचा प्राण गाणाऱ्यात असतो, आणि कायदा मात्र त्याला कर्ताच मानीत नाही, हे भारतीय संगीताच्या वृत्तीशी विसंगत आहे, असा तिचा आशय. ती टीप निकालाला बदलू शकत नव्हती. पण निकालपत्रांतील असल्या जोडटिपा पुष्कळदा निकालाहून दीर्घायुषी ठरतात. १९९४ च्या दुरुस्तीने कायद्यात 'प्रयोगकर्त्याचा हक्क' प्रथमच आला आणि २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार, संगीतकार व गायक यांच्या स्वामित्वधनाला बळकटी आली. ज्यांच्या गळ्यांवर हा धंदा उभा राहिला, त्यांतील बहुतेक तोवर निघून गेले होते.

त्यांतील कितीतरी गळे आमच्या गोमंतकातील देवस्थानांच्या परिसरातले. मंगेशी, कवळे, म्हार्दोळ, बांदिवडे ह्या देवळांच्या चौकांतून जी गाणी उठली ती मुंबईच्या ध्वनिमुद्रण-दालनांत गेली. ज्या घराण्यांतील स्त्रियांनी देवापुढे गायन-नर्तनाची सेवा केली, त्यांची ती सेवा जितकी सन्मानाची तितकीच सक्तीची होती, हे आपण देवळाच्या लोकांनी विसरू नये. देवळाची जमीन त्यांनी कसली ती सेवेच्या अटीवर, धनी म्हणून नव्हे. आणि तेथून बाहेर पडून त्या तबकडीपुढे उभ्या राहिल्या तेव्हा तेथेही त्यांना वसुलाचाच वाटा मिळाला, तोही तुटपुंजा.

फोंडा महालातील केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या केसरबाई केरकरांची गोष्ट ह्या संदर्भात सांगण्याजोगी आहे. अब्दुल करीम खाँ, रामकृष्णबुवा वझे आणि मग अल्लादिया खाँ यांच्या कठोर तालमीतून त्या तयार झाल्या. यंत्रावर गाणे त्यांना मनापासून रुचत नसे. त्यांची ध्वनिमुद्रणे त्यामुळे मोजकीच. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सूर्यमालेबाहेर पाठविली, त्यांवर पृथ्वीवरील ध्वनींची एक सोनेरी तबकडी बसविली, आणि त्यात भारताचे म्हणून केसरबाईंची भैरवी, 'जात कहाँ हो', घेतली गेली. संगीतशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी ती सुचविली. पण ती मिळेना! ध्वनिमुद्रिका बाजारातून नाहीशी झालेली. अखेर न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, एका मेजाखालच्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. मोठ्या कंपनीची ही ध्वनिमुद्रिका, आणि तिचीही ही अवस्था. दुसरे यान ५ सप्टेंबर रोजी सुटले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या.

आता आमच्या वाचकांच्या घरांकडे व देवस्थानांच्या कोठ्यांकडे वळतो, कारण हे लिहिण्याचे प्रयोजनच ते. भजनी मंडळाच्या कपाटात, जुन्या ग्रामोफोनच्या पेटीखाली, माळ्यावरच्या ट्रंकेत अशा तबकड्या आजही असतात. त्या भंगारात देण्यापूर्वी त्यांच्यावरील छाप वाचावा. यंग इंडियाचा छाप असेल तर कायद्याचा अडसर जवळजवळ उरलेला नाही. ध्वनिमुद्रिकेवरील हक्काची मुदत प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे. यंग इंडियाची अगदी शेवटची, १९५५ सालची तबकडी धरली, तरी ती ३१ डिसेंबर २०१५ रोजी संपली. शब्द व चाल यांचा हिशेब वेगळा करावा लागतो, कारण तो कवीच्या व संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. पण तुकोबांचा, नामदेवांचा अभंग असेल आणि चाल परंपरेची असेल, तर तेथे कोणाचाच हक्क आड येत नाही. देवस्थानाने तिची अंकीय प्रत करावी, ती मंडपात लावावी, गायकाच्या वारसांस एक प्रत द्यावी. छाप सारेगामाच्या घराण्यातला असेल तर प्रकाशनाचे वर्ष आधी पाहावे.

ते वर्ष तबकडीवर छापलेले नसते. कागदी छापावरचा क्रमांक आणि त्याच्या कडेला लाखेतच कोरलेला बारीक साचा-क्रमांक उतरून घ्यावा. जुन्या सूचीपत्रांशी तो ताडून वर्ष काढणारे संग्राहक मुंबई-पुण्यात आहेत. तोवर तबकडी जुन्या ग्रामोफोनवर वाजवू नये. त्याची पोलादी सुई दर खेपेस खाचेतून थोडा आवाज खरवडून नेते. पाणी लावू नये, एकावर एक रचू नये. कागदी वेष्टनात घालून ती उभी ठेवावी.